अकराशे माणसांचा हार्लन

दार तुम्ही बंद केलंत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे "आमचा काय संबंध?" असं म्हणायला तुम्हाला जागा राहणार नाही. मड लेक गावचा हार्लन प्रिजन, वय सत्तरीच्या पुढे, नाकात ऑक्सिजनची नळी. या माणसाला तुम्ही आधी अकराशे माणसं केलंत, आणि मग एका शुक्रवारी दुपारी बाराच्या ठोक्याला त्याला शून्य करून टाकलंत. तेही कायद्याला धरून, वर शिक्का मारून.

ओक्लावी काउंटी, म्हणजे आमचा जिल्हा, फ्लोरिडाच्या वरच्या अंगाला आहे. इथं समुद्र नाही, पर्यटक नाहीत. दलदल आहे आणि डास आहेत. कायद्याप्रमाणे आमच्याकडे पक्ष दोन आहेत, प्रत्यक्षात एकच. दुसऱ्याचं ऑफिस चक्रीवादळात उडालं, आणि ते उडाल्याचं पुढची दोन वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्यामुळे नोव्हेंबरातली मोठी निवडणूक आमच्याकडे नावापुरती. खरा निकाल ऑगस्टात लागतो, उरलेल्या पक्षाच्या आतल्या निवडणुकीत. तिला प्रायमरी म्हणतात. तिथं फक्त पक्षात नाव असलेल्यांनी मत द्यायचं.

हार्लनचं नाव कुठल्याच पक्षात नाही. एका पक्षानं त्याच्या बापाला फसवलं, दुसऱ्यानं त्याला स्वतःला. तिसरा निघेपर्यंत थांबायला त्याच्याकडे फुफ्फुसं नव्हती.

पण कायदा दयाळू आहे. त्यात एक फट ठेवलेली आहे. सगळे उमेदवार एकाच पक्षाचे असतील आणि नोव्हेंबरात त्यांच्यासमोर कुणीच उभं राहणार नसेल, तर प्रायमरीचं दार सगळ्यांना उघडं. त्या वर्षी तसंच घडत होतं. काउंटी बोर्डावरच्या आमच्या खुर्चीसाठी दोघंच होते, दोघंही एकाच पक्षाचे. एक विद्यमान मेंबर ड्युएन स्ट्रिकलंड. दुसरी निवृत्त नर्स मार्लिस ट्यूटन. भांडण एकाच गोष्टीवर होतं: मड लेकमध्ये उभी असलेली ॲम्ब्युलन्स. स्ट्रिकलंडला काटकसर म्हणून ती काउंटीच्या मुख्य गावी हलवायची होती, म्हणजे पाऊण तास लांब. मार्लिस म्हणत होती, ती जिथं आहे तिथंच राहील.

हार्लनच्या घरापासून ॲम्ब्युलन्स दिसायची. त्याची बायको ओडेसा भांडी घासताना खिडकीतून तिच्याकडे एक नजर टाकायची, गॅस बंद केलाय ना हे बघावं तशी.

आता फोनचं सांगतो. स्ट्रिकलंडनं उत्तरेकडच्या एका शहरातली कंपनी लावली. तिचं काम जनमत चाचणी करण्याचं, म्हणजे लोकांना फोन करून विचारायचं की आज निवडणूक झाली तर मत कुणाला. आमच्याकडे अनोळखी नंबरचा फोन कुणी उचलत नाही. एकटा हार्लन उचलतो. घरात बसून बसून त्याला इतका कंटाळा आलेला असतो की चुकून लागलेल्या फोनवालीलाही तो हवापाण्याचं विचारतो.

"सर, मेंबर स्ट्रिकलंड यांच्याबद्दल आपलं मत अनुकूल, काहीसं अनुकूल, काहीसं प्रतिकूल की—"

"पोरी, तू जेवलीस का?"

"सर, मला पर्यायांपैकीच एक उत्तर लागतं."

"मग असं लिही. त्याची मिशी बघितली की घास घशाखाली उतरत नाही."

"म्हणजे अत्यंत प्रतिकूल?"

"मिशीला. माणूस अजून ठरवायचाय."

पुढच्या आठवड्यात स्ट्रिकलंड मिशी काढून हिंडू लागला.

का, ते मला डेल्मरकडून कळलं. डेल्मर पेवी हा स्ट्रिकलंडचा मेव्हणा. गळाला लावायची गांडुळं आणि रातकिडे विकायचं माझं दुकान आहे. तिथं तो रोज सकाळी येतो, थोडी गांडुळं घेतो आणि पुष्कळ बोलतो.

"अरे, काय सांगू तुला! एका आठवड्यात अकराशे माणसं मिशीच्या विरोधात गेली!"

"अकराशे? कोण कोण?"

"ते गुप्त असतं. पण पक्ष नसलेले, सत्तरीच्या वरचे, गावाकडचे, घरच्या फोनवर बोलणारे पुरुष. काउंटीत असे अकराशे आहेत."

"आणि कंपनी त्या सगळ्यांशी बोलली?"

"छे! सापडला एकच. म्हणून त्या एकाला अकराशेनं गुणलं. शास्त्र आहे ते. तुला नाही कळायचं."

मला सगळंच कळलं. मी तिथूनच हार्लनकडे गेलो. तो पडवीत उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता.

"हार्लन, तू अकराशे माणसं आहेस."

"तरीच," तो म्हणाला, "पायऱ्या चढताना दम लागतो."

ओडेसा आतून ओरडली, "चाळीस वर्षं झाली, घरात ह्याचं कुणी ऐकत नाही. आता काउंटी ऐकणार?"

काउंटी ऐकत होती. पुढच्या फोनला हार्लननं खाकरून घसा साफ केला आणि ॲम्ब्युलन्सचा विषय काढला. चार दिवसांत रस्त्याच्या कडेला फलक लागले: "मड लेकची ॲम्ब्युलन्स हलू देणार नाही – तुमचा ड्युएन". मग हार्लन म्हणाला, आमच्या वळणावरच्या खड्ड्यात मगर बसते. खड्डा बुजला. मगरीची काय सोय केली ते कळलं नाही. मग तो म्हणाला, बार्बेक्यूच्या सभेत गोड चहा पांचट असतो. पुढच्या सभेत चहा इतका गोड केला की पाद्रीबुवांची साखर तपासावी लागली. लोकशाही म्हणजे काय हे मी त्या महिन्यात डोळ्यांनी बघितलं. ती हार्लनच्या पडवीत बनियन घालून बसली होती.

पण इतकं करूनही चाचणीत मार्लिस पुढेच. ॲम्ब्युलन्सचं वचन लोकांना आवडलं होतं, पण ते देणारा ती आधी पळवायला निघाला होता, हेही लोकांच्या लक्षात होतं. विशेषतः बिनपक्षी लोकांच्या. तेव्हा कंपनीनं स्ट्रिकलंडला एक सल्ला दिला. मतदार वळवण्यापेक्षा कमी करणं स्वस्त पडतं.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस, शुक्रवार. बाराला दहा मिनिटं कमी असताना डेल्मर निवडणूक कार्यालयात शिरला आणि नोव्हेंबरातल्या निवडणुकीसाठी उभा राहिला. आमच्याकडे उमेदवाराची अशी एक जात आहे. तिला फी नाही, सह्या गोळा करायच्या नाहीत, मतपत्रिकेवर नावही छापत नाहीत. फक्त एक रिकामी ओळ ठेवतात. कुणाला वाटलंच तर त्यानं तिथं नाव हातानं लिहायचं. कुणाला कधी वाटत नाही. पण कायद्याच्या डोळ्यांना तो उमेदवार दिसतो, म्हणजे नोव्हेंबरात कुणीतरी समोर उभं आहे, म्हणजे प्रायमरी पुन्हा पक्षाची खाजगी बाब. दार बंद. काउंटीतली बिनपक्षी माणसं एका सहीत बाहेर. आणि सही करणाऱ्याच्या खिशात माझ्या दुकानातली गांडुळं.

ओडेसा सोमवारी सकाळीच कार्यालयात गेली. गाडी मी नेली होती, म्हणून मीही आत होतो आणि सगळं ऐकलं.

"ओडेसाबाई, नियम आहे," काउंटरवरची बाई म्हणाली. "नोव्हेंबरात विरोधी उमेदवार आहे ना."

"डेल्मर? अगं, तो स्वतःच्या कुत्र्यालासुद्धा विरोध करत नाही."

"तो गंभीर आहे की नाही हे तपासायचा अधिकार आम्हाला नाही."

"मग काय तपासता?"

"वेळ. बाराच्या आत आला होता." बाई जरा वरमली. "तुम्ही पक्षात नाव घाला ना. अजून मुदत आहे. दोन मिनिटांचं काम."

ओडेसानं तिथल्या तिथं नाव घातलं. "चर्चमध्ये शिरायचं तर टोपी काढावी लागते," एवढंच बोलली. हार्लन मात्र हटला नाही. "मत द्यायला आधी ह्यांचा हो म्हणतात," तो म्हणाला. "उद्या मयताला गेलो तर म्हणतील, आधी नातेवाईक व्हा." आणि आठवडाभर तो बायकोला "तुमचा पक्ष काय म्हणतो?" असं विचारत राहिला. शेवटी तिनं त्याच्या ताटातलं मीठ बंद केलं.

त्याच आठवड्यात फोन आला. हार्लन मुद्दे काढून बसला होता. पुलाचा विषय घ्यायचा होता.

"सर, ऑगस्टच्या प्रायमरीत आपल्याला मत देता येतं का?"

"नाही. पण मी काय म्हणतो—"

"धन्यवाद, सर. आपला दिवस आनंदात जावो."

त्यानं रिसीव्हर ठेवला. मग हळूच म्हणाला, "जेवलीस का विचारायचं राहिलं."

पंधरा दिवसांत फलक बदलले. "ॲम्ब्युलन्स" होती तिथं आता "काटकसर" आली. स्ट्रिकलंडला मिशीही परत फुटू लागली.

ऑगस्टात मतदान झालं. ज्यांना दार उघडं होतं त्या पक्षवाल्यांपैकी पाचात एक आला. ओडेसा आली, भर उन्हात, छत्री घेऊन. स्ट्रिकलंड जिंकला. किती मतांनी? आमच्या चर्चच्या रविवारच्या जेवणाला जेवढी माणसं बसतात, तेवढ्याही नाही. त्या जेवणाला बसलेले बहुतेक पक्षवालेच. सगळे हळहळत होते: ॲम्ब्युलन्स गेली हो! एक म्हणाला, मी त्या दिवशी मासे धरायला गेलो होतो. दुसरा म्हणाला, चाचणीत मार्लिस पुढे होती, म्हटलं येईलच निवडून, मी कशाला जाऊ?

ती जुनी चाचणी. हार्लन अकराशे होता तेव्हाची.

नोव्हेंबर जवळ आला तसं हार्लनच्या डोक्यात शिरलं. "ती रिकामी ओळ डेल्मरची आहे ना? त्यानं मला बाहेर काढलं. मी त्याला आत घालतो." त्याच्याकडे घरचा फोन होता आणि वेळ होता. आता त्यानं स्वतः फोन लावायला सुरुवात केली. बाहेर राहिलेला एकेक माणूस गाठला. सगळ्यांना एकच सांगायचा: ओळ रिकामी ठेवू नका, डेल्मरचं नाव लिहा.

डेल्मरला कळलं तेव्हा तो गांडुळं न घेताच पडवीत धावत आला.

"हार्लनकाका, पाया पडतो, असं करू नका! मी निवडून येईन!"

"उमेदवार आहेस ना?"

"उमेदवार आहे, पण उभा नाहीये हो!"

"हे लोकांना सांग," ओडेसा म्हणाली.

त्यानं सांगितलं. दारोदार फिरला, हात जोडले. "मला मत देऊ नका. मला बोर्डातलं काही कळत नाही. मला फक्त दार लावायला पाठवलं होतं." आमच्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलणारा उमेदवार बघितला. पक्षवालेसुद्धा हेलावले. तो जितका नको म्हणाला तितका चढत गेला. कंपनीच्या चाचणीत त्याचं नावच नव्हतं. तिच्या आकड्यात स्ट्रिकलंड भरघोस जिंकत होता आणि "इतर" नावाचा कुणीतरी त्याच्याही पुढे होता.

डेल्मर निवडून आला. टीव्हीवर निकाल ऐकताना तो रडला. लोकांना वाटलं, आनंदानं.

शपथेच्या दिवशी त्यानं राजीनामा दिला. खुर्ची रिकामी झाली की ती वरून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून भरतात, निवडणूक घेत नाहीत. वरून पत्र आलं: रिक्त जागी अनुभवी व्यक्तीची नेमणूक करण्यात येत आहे. अनुभवी व्यक्ती म्हणजे स्ट्रिकलंड. मिशीसकट. ज्या माणसाला काउंटीनं नुकतंच घरी पाठवलं, त्याला काउंटीच्या गरजेपोटी परत बोलावलं. पहिल्याच बैठकीत ॲम्ब्युलन्स गेली. ओडेसाच्या खिडकीतून आता सिमेंटचा रिकामा चौथरा दिसतो.

जानेवारीत हार्लनच्या छातीत कळ आली. ओडेसानं फोन केला. गाडी निघालीय, म्हणाले. आम्ही वाट बघितली, मग मी त्याला माझ्या ट्रकमध्ये घातलं, गांडुळांच्या खोक्यांना टेकवून. वाटेत एका खड्ड्यात ट्रक आदळला आणि रातकिड्यांचा पिंजरा उघडला. अर्ध्या वाटेवर ॲम्ब्युलन्स भेटली. सायरन वाजवत, दिवे लावत, ती मड लेकच्या दिशेनं गेली. आम्ही हात केला. तिनंही हॉर्न दिला.

इस्पितळात डॉक्टरनं छातीला स्टेथोस्कोप लावला तर आतून किर्रर्र आवाज. तो चपापला. ओडेसानं हार्लनच्या शर्टातून तीन रातकिडे काढले, मग डॉक्टरला हृदय ऐकू आलं. चालू होतं.

जगला. आठवड्यानं घरी आला. पडवीत बसला तोच फोन वाजला.

"सर, काउंटीच्या तातडीच्या आरोग्यसेवेबद्दल आपण समाधानी, काहीसे समाधानी—"

"पोरी," तो म्हणाला, "मला आता कितीनं गुणतेस?"

मी तक्रार केली. आधी स्ट्रिकलंडच्या ऑफिसात. ते म्हणाले, नियम पक्षाचा आहे. पक्ष म्हणाला, आम्ही कायद्याप्रमाणे चालतो. राजधानीतून उत्तर आलं, चांगल्या जाड कागदावर: कायदा लोकप्रतिनिधींनी केलेला असून त्यांना जनतेनं निवडून दिलेलं आहे, तरी आपण जनतेकडे दाद मागावी.

म्हणून तुमच्याकडे आलोय. पहिल्या ओळीपासून तुम्हालाच बोलतोय. तुम्हाला काय वाटलं, स्ट्रिकलंडला? डेल्मरला? डेल्मरनं कडी घातली, कबूल. पण आत जाऊन ती काढायचा हक्क ज्यांना होता, त्या पाचांतले चार घरी बसले होते, आणि मला कुठंही गेलं तरी तेच चौघं भेटतात. डेल्मरवर हसणारे. आकडा बघून निकाल लागला असं समजणारे. मासे धरायला जाणारे.

तुमच्या गावात तुमच्यासाठी उघडं असलेलं दार तुम्ही शेवटचं कधी ढकललंत? समाधानी, काहीसे समाधानी असलं काही नको. तारीख सांगा. हा घ्या फोन. हार्लन वाट बघतोय, आणि तो उचलतोच.