पातळ खळ

एल्व्हा रीमर्सला पहिलीच्या मुलांना शिकवण्याचा चांगला सराव होता. फक्त तिची पहिलीची मुलं सतरा-सतरा वर्षांची होती.

त्या काळी नेब्रास्कातल्या गावोगावच्या हायस्कुलांत शेवटच्या दोन वर्षांसाठी एक खास वर्ग असायचा. खेड्यांतल्या एका खोलीच्या शाळांना मास्तरणी लागायच्या, त्या इथे तयार व्हायच्या. सरावाला लहान मुलं कुठून आणायची? मग वर्गातल्याच एकीनं बाई व्हायचं आणि बाकीच्यांनी पोरं. सहा फुटी क्लॅरेन्स तर रडक्या पोराची भूमिका इतकी मन लावून करायचा, की शेजारच्या वर्गातले सर दोनदा काय झालं म्हणून बघायला आले होते.

मिस प्रूइट या वर्गाच्या बाई. बेंच कसे मांडायचे, खरचटलेला गुडघा कसा बांधायचा, शेगडी कशी पेटवायची, सगळं त्या शिकवायच्या. शेगडी मात्र न पेटवता, कारण कोळसा शाळेचा आणि मिस प्रूइट काटकसरी. त्यांचा लाडका धडा होता तो गरम जेवणाचा. मुलांनी घरून काचेच्या बरणीत सूप आणायचं, बाईंनी प्रत्येक बरणीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची, झाकणं सैल करायची आणि बरण्या पाण्याच्या हंड्यात घालून शेगडीवर ठेवायच्या. दुपारपर्यंत जेवण गरम.

"आणि चिकटवायला काय?" मिस प्रूइट विचारायच्या.

"पिठाची खळ!" सगळा वर्ग ओरडायचा.

"बरोबर. खेड्यातली शिक्षिका शाळा-मंडळाकडे डिंक मागत नाही."

एल्व्हाच्या चिठ्ठ्या गार पाण्यात तासभर राहिल्या आणि एकही हलली नाही. मिस प्रूइटनी तिला शाबासकी दिली होती.

फेब्रुवारीत तिची खऱ्या सरावासाठी विलो बेंडच्या शाळेत रवानगी झाली, आणि ती पोचते तोच तिथल्या नेहमीच्या बाई गालफुगीनं अंथरुणाला खिळल्या. आठवडाभर शाळा एकटीनं सांभाळायची होती. बुधवारी जिल्ह्याच्या शाळा-अधीक्षक मिस गॅल्ब्रेथ येणार होत्या. त्यांचं समाधान झालं तर जूनमध्ये प्रमाणपत्र आणि स्वतःची शाळा, नाही तर काकूच्या लॉन्ड्रीत जन्मभर इस्त्री. काकूनं तिची इस्त्री बाजूला काढूनसुद्धा ठेवली होती.

सोमवारी एल्व्हानं शेगडी पेटवली, तीही स्वतःचा झगा न जाळता. पहिलीतला एक मुलगा रडला, पण क्लॅरेन्सच्या मानानं काहीच नाही. बरण्यांवर चिठ्ठ्या लागल्या, हंडा शेगडीवर चढला आणि खोलीभर सूपाचा वास दरवळायला लागला. दुपारी तिनं हंड्याचं झाकण उचललं. पाण्यावर सगळ्या नावांची एक पांढरी साय आली होती. खाली बरण्या एकजात बिनचिठ्ठीच्या.

मिस प्रूइटच्या वर्गात पाणी कधी तापलंच नव्हतं.

"बरं," एल्व्हा उसनं अवसान आणून म्हणाली, "आपापलं जेवण ओळखा. हे अळंबी-बटाट्याचं सूप कुणाचं?"

सहा हात वर झाले.

"सहा जणांचं एकच सूप कसं असेल?"

"आमच्याकडे रोज हेच असतं, बाई," इंगर थॉर्सन म्हणाली. एवढ्या निरागस चेहऱ्याला खोटं कोण म्हणणार? बरणी तिला मिळाली. पिवळ्या वाटाण्याचं, डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेलं सूप वोयता कुड्रनानं छातीशी धरलं. "माझ्या आईनं पहाटे उठून केलंय, बाई," म्हणाला आणि डोळे पुसले. ओटची पेज मात्र कुणाचीच निघेना. ती एल्व्हानं खाल्ली.

एल्व्हाचं बिऱ्हाड शाळा-मंडळाचे अध्यक्ष थॉर्सन यांच्याकडे होतं. रात्रीच्या जेवणाला इंगरनं वाटाण्याच्या सूपाकडे पाहून नाक मुरडलं.

"आई, तू अळंबीचं का नाही करत? वोयताची आई करते. वर शेपू घालते."

थॉर्सनबाईंच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला. थॉर्सनांची डुकरं कुड्रनांच्या बटाट्यांत घुसली होती, त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून दोन्ही घरांत शब्द नव्हता. थॉर्सन डेन्मार्ककडचे, कुड्रना बोहेमियाकडचे, पण भांडण दोघांनी इथलंच चांगलं टिकाऊ घेतलं होतं.

"माझी मुलगी कुड्रनांच्या घरचं जेवली?"

"चुकून, थॉर्सनबाई," एल्व्हा पुटपुटली.

"कसं होतं गं?" अध्यक्षांनी मुलीला हळूच विचारलं.

"तुम्ही गप्प बसा!"

मंगळवारी थॉर्सनबाईंनी इंगरच्या बरणीच्या गळ्याला स्वतःच्या हातानं लाल लोकर बांधली. एल्व्हानं बाकीच्या बरण्यांना वेगवेगळे रंग बांधले आणि निर्धास्त होऊन फळ्यावर भागाकार घातला. फळ्याकडे तोंड केलं की पाठ वर्गाकडे होते, ही गोष्ट मिस प्रूइटच्या धड्यात नव्हती. क्लॅरेन्सला लोकरीच्या गाठी सोडता येत नव्हत्या. वोयताला येत होत्या.

जेवणाच्या थोडं आधी थॉर्सनबाई आल्या. "मी नुसती बघणार आहे," म्हणून मागच्या बाकावर बसल्या. पाठोपाठ कुड्रनाबाई आल्या, बर्फ झटकला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या.

"बाई," कुड्रनाबाई एल्व्हाला म्हणाल्या, "त्यांना सांगा, माझा मुलगा काल घरी येऊन म्हणाला की आपल्या सूपात मांस का नसतं. सहा वर्षांत पोरानं जेवणाबद्दल तोंड उघडलं नव्हतं."

"बाई, त्यांना सांगा, आधी आपल्या पोराला दुसऱ्याचं ओळखायला शिकवा."

"बाई, त्यांना सांगा, ते त्यांनी आपल्या डुकरांना शिकवावं."

एल्व्हा काही सांगणार एवढ्यात दार उघडलं आणि फरची टोपी घातलेल्या एक बाई आत आल्या. "मी मिस गॅल्ब्रेथ. रस्ता गोठून चांगला टणक झालाय, म्हटलं उद्याच्याऐवजी आजच यावं. तुमचं चालू द्या."

चालू काय द्यायचं? मुलांनी हंडा केव्हाच उघडला होता. लाल लोकरीच्या बरणीतून इंगर अळंबी वेचत होती, आणि निळ्या लोकरीच्या बरणीत तोंड घालून वोयता वाटाण्याचं सूप ओरपत होता. दोन्ही आया एकदमच उठल्या.

"या मुलाच्या घरी डॅनिश सूप करतात?" मिस गॅल्ब्रेथनी विचारलं. "आणि ही थॉर्सनांची मुलगी ना? मुलं एकमेकांचं जेवण खातात? पालकांना हे ठाऊक आहे?"

एल्व्हाला काकूची इस्त्री डोळ्यांपुढे दिसली. "मिस गॅल्ब्रेथ, चूक माझी—"

"चूक कसली?" कुड्रनाबाई मध्येच म्हणाल्या. आपल्या मुलाला शेजारणीचं सूप जास्त आवडतं, हे परक्या बाईसमोर कबूल करण्यापेक्षा त्यांनी जीभ तोडून दिली असती. "मीच पाठवते तिच्यासाठी. पोर किती वाळलीय बघा. म्हटलं, एक वेळ तरी धड जेवू दे."

थॉर्सनबाई लालबुंद झाल्या. पण अध्यक्षांच्या बायकोनं हार कशी मानायची? "मग मलाही दया आली. म्हटलं, त्या बिचाऱ्या मुलाला मांस कसं असतं ते कळू दे."

"ठरवून?" मिस गॅल्ब्रेथ थक्क झाल्या. "दोन्ही घरांनी?"

"ठरवूनच," दोघी एका सुरात म्हणाल्या आणि एकमेकींकडे जळजळीत नजरेनं पाहू लागल्या.

मिस गॅल्ब्रेथनी चमचा मागितला. पाहुण्यांनी चाखलं म्हटल्यावर आयांनाही चाखणं भाग पडलं. थॉर्सनबाईंनी अळंबीचं सूप तोंडात घेतलं आणि पुन्हा एक चमचा भरून घेतला.

"बाई," शेवटी त्या एल्व्हाला म्हणाल्या, "त्यांना विचारा, ही अळंबी उन्हात वाळवतात का."

"बाई, त्यांना सांगा, उन्हात नाही. दोऱ्यात ओवून चुलीवर टांगायची."

"धुराचा वास नाही लागत?"

"दूर टांगली तर नाही लागत. तुमच्या वाटाण्यात मांस इतकं मऊ कसं राहतं?"

एल्व्हा हळूच दोघींच्या मधून बाजूला सरकली. तिची आता तिथे गरज नव्हती.

जूनमध्ये तिला प्रमाणपत्र मिळालं, आणि विलो बेंडच्या शाळेवर तिची नेमणूक एकमतानं झाली. त्या एकमताची थॉर्सनांनाच जास्त धास्ती वाटली, कारण ते मंडळात पहिल्यांदाच झालं होतं. मिस प्रूइट पुढच्या वर्गाला "घरोघरच्या सहकाराचं गरम जेवण" असा नवा धडा शिकवू लागल्या, शेगडी न पेटवताच.

सप्टेंबरात शाळा उघडण्याआधी एल्व्हा दुकानात गेली. दुकानदारानं एक बाटली पुढे केली. "बाई, हा नवा डिंक बघा. उकळत्या पाण्यातसुद्धा चिठ्ठी हलणार नाही. तुमच्यासारख्यांसाठीच आलाय."

एल्व्हानं बाटली उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवली.

"नको. मला थोडं पीठ द्या," ती म्हणाली. आणि घरी जाऊन तिनं खळ शिजवली, मुद्दाम जरा पातळच.