वादीतला गजेंद्रमोक्ष

"यंदा हत्तीला पाण्याबाहेर काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही!"

दत्ताराम घागांनी ही प्रतिज्ञा केली ती शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर उभं राहून, एका हातात चिपळ्या आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन.

"आधी सोफ्यावरून उतरा," त्यांच्या पत्नी प्रभावतीवहिनी म्हणाल्या. "त्याची स्प्रिंग गेलीय. हत्तीचं मागाहून बघू."

हा हत्ती म्हणजे पुराणातला गजेंद्र. तळ्यात उतरतो, मगर पाय धरते, तो देवाचा धावा करतो, देव धावत येतो, हत्ती सुटतो बिचारा. आई मुलाला वरणभात भरवता भरवता सांगून मोकळी होते एवढी गोष्ट! पण दत्तारामच्या कीर्तनात हा हत्ती तीन वर्षं पाण्यातच उभा होता.

माणूस भाविक हो! शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एसीचे डक्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचा, आणि नटबोल्ट मोजतानासुद्धा ओठांवर हरीचं नाव. आवाज असा की पेटीने लाजून भाता मिटावा. खोट एकच. आडवाट! तळं म्हटलं की त्याला गावचं तळं आठवायचं, तळ्यावरून काकांची म्हैस, म्हशीवरून खरवस, आणि खरवसावरून थेट मोक्ष. तोवर हॉलमध्ये उरायच्या खुर्च्या. कुणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली असायची, कुणाच्या मुलाची टेस्ट असायची. एकदा तर तबलजीच "आलोच" म्हणून गेला तो घरून फोटो पाठवता झाला, जेवणाच्या ताटाचा!

शेवटी मराठी मंडळाच्या अध्यक्ष अनुपमाताईंनी स्पष्ट सांगितलं, "काका, रामनवमीचं कीर्तन तुम्हाला द्यायची माझी फार इच्छा आहे. पण त्याआधी एकदा, फक्त एकदा, लोक बसलेले असताना तो हत्ती सोडवून दाखवा."

रामनवमीचं कीर्तन! मोठा हॉल, फुलांचा हार, कपाळाला बुक्का, समोर भरगच्च श्रोते. दत्ताराम ज्या दिवशी पहिल्यांदा विमानात बसला, त्या दिवसापासून हे एकच स्वप्न उराशी धरून होता. आणि ते आता एका हत्तीच्या पायात अडकलं होतं.

तोडगा निघाला तो मुश्ताककडून. मुश्ताक रत्नागिरीचा. वर्कशॉपची व्हॅन चालवायचा, आणि सुट्टीच्या दिवशी लोकांना डोंगर दाखवायचा. एकदा माल उतरवता उतरवता तो म्हणाला, "हत्ता गावाच्या अलीकडे एक वादी आहे, दत्ता, डोंगरातला कोरडा ओढा. झकास घळ, आत धबधबा. पार्कवाल्यांनी बारा महिने चालता येईल अशी पायवाट केलीय."

"मोबाइलला रेंज?"

"छ्या! नावालासुद्धा नाही."

"पार्किंग?"

"लांब आहे रे, चांगलं चालावं लागतं."

"मागच्या बाजूने निसटायला वाट?"

"कातळ आहे उभा. पाल असशील तर जाशील."

दत्तारामचे डोळे पाणावले. "मुश्ताक," तो सद्गदित होऊन म्हणाला, "ही जागा देवाने कीर्तनासाठीच घडवलीय!"

ठरलं! मंडळाला सांगितलं, वनविहार. फेब्रुवारीतल्या रविवारी चार गाड्या निघाल्या. चिपळ्या कुठे होत्या? दत्तारामच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेल्या. बाकी कुणाला पत्ता नव्हता. बाकी कुणाला म्हणजे, प्रभावतीवहिनी सोडून. ज्या बाईने तो टॉवेल धुतलाय तिला त्यातला खळखळाट कळणार नाही होय?

वहिनींचा जीव टांगणीला लागला. कीर्तनाला त्यांचा विरोध नव्हता. पण भर कीर्तनात रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांकडे बघून नवऱ्याचा चेहरा कसा उतरतो, ते त्यांना दर वेळी पहिल्या रांगेतून बघावं लागायचं. त्यांनी पार्कच्या गेटवरच मुश्ताकला बाजूला घेतलं.

"भावजी, एक काम करा. ह्यांनी सुरू केलं की थोड्या वेळाने धावत या. शिट्टी मारा. म्हणा, पाऊस आला, पळा! लोक ह्यांना कंटाळून उठले असं नको व्हायला. पावसामुळे उठले म्हणजे अब्रू राहील."

"वहिनी, आभाळ बघा की! कोरडं ठणठणीत."

"मग नाटक करा! मसालेभात जास्त वाढते तुम्हाला."

मुश्ताकने मान डोलावली. मसालेभातापुढे सत्य ते काय!

गेटवरच्या पठाण रखवालदाराने सगळ्यांना दम भरला. "पहाड़ पे बारिश हुई तो नीचे पानी आता है। मैं सीटी मारेगा। सीटी सुना कि यल्ला, बाहर!"

"इन्शाल्ला, इन्शाल्ला," म्हणत दत्ताराम सगळ्यांच्या पुढे पळाला.

घळ खरंच देखणी! दोन्ही बाजूंनी तांबूस कातळ, मधून गुळगुळीत दगडांची पायवाट, कडेला बोरीची झुडपं. टोकाला धबधबा. म्हणजे, पाटीवर धबधबा. प्रत्यक्षात कुणीतरी नळ नीट बंद केला नसावा, इतपत पाणी.

"पप्पा, दॅट्स इट?" मुलगी सोनम म्हणाली.

"बाळा, देव थेंबातसुद्धा असतो. बसा मंडळी, बसा! जरा दम खाऊ."

मंडळी दम खायला बसली आणि खळ्ळकन चिपळ्या वाजल्या! अनुपमाताईंनी डोळे मिटून घेतले. एकाने खिशातून फोन काढला, रेंज नाही बघून परत ठेवला. दुसरा उठून म्हणाला, "मी जरा गाडी बघून..." पण गाडी कुठे आहे ते आठवून स्वतःच खाली बसला.

"धाव बा हरी, आता धाव!" दत्तारामने पहिली ओळ सोडली, आणि काय सांगावं! घळीने ती तशीच्या तशी परत दिली. एकदा या कातळावरून, एकदा त्या कातळावरून. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी दत्तारामच्या मागे इतकं मनापासून ध्रुपद म्हटलं! तो फुलला. नामाचा महिमा सांगितला, आख्यानाला हात घातला, गजेंद्र तळ्याकाठी आला...

"तळं कसं म्हणाल, तर आमच्या गावच्या तळ्यासारखं!"

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. झालं!

गावचं तळं आलं. म्हैस आली. खरवस झाला. शारजाच्या खालिद लगूनची रोषणाई झाली. तिथून स्वारी डक्टिंगवर घसरली. "जीवात्मा म्हणजे थंड हवा आणि देह म्हणजे डक्ट!" तिकडे मगरीने पाय कधीच धरला होता आणि गजेंद्र बिचारा सोंड वर करून वाट बघत होता, की हा मनुष्य आपल्याकडे वळतो कधी!

"पप्पा, इज द एलिफंट स्टिल इन द वॉटर?"

"यस बेटा, पण आता सुटणारच!"

तेवढ्यात शिट्टी! मुश्ताक धावत आला. "पळा, पळा! वर पाऊस लागलाय! पाणी येतंय!"

सगळ्यांच्या आधी प्रभावतीवहिनी उठल्या. पर्स खांद्याला, चपला पायात, सगळी तयारी!

दत्तारामने आभाळाकडे बघितलं. स्वच्छ निळं. मग मुश्ताककडे बघितलं.

"मुश्ताक, तोंडातला मसालेभात आधी गीळ."

मुश्ताकने गिळला. गिळताना वहिनींकडे बघितलं. झालं, सगळा उलगडा!

"तूसुद्धा?" दत्ताराम बायकोकडे बघून एवढंच म्हणाला. आणि मग चिपळ्या असा काही आवळून उभा राहिला की कातळाने त्याच्याकडून शिकावं. "बसा खाली! कीर्तनातून आरतीआधी उठायचं नाही. पाऊस येवो, प्रलय येवो!"

मंडळी बसली. ओशाळलेला मुश्ताकही बसला. गजेंद्राने पुन्हा सोंड वर केली. आणि पुन्हा शिट्टी!

या वेळी पठाण आला, धापा टाकत. "अरे यल्ला! बाहर निकलो! पीछे बारिश है, पानी छूटा है!"

दत्ताराम हसला. "वा मुश्ताक! याला कुठून पटवलास? हा मात्र कसलेला नट आहे!"

"दत्ता, आईशप्पथ, याला मी ओळखत नाही!"

"भाईसाब, बैठो," दत्ताराम प्रेमाने म्हणाला. "बस पाँच मिनिट। हाथी अभी छूटेगा।"

पठाण थबकला. "हाथी? कौन सा हाथी?"

"गजेंद्र! पानी में फँसा है। तीन साल से।"

"तीन साल से?!"

"पाँव मगर ने पकड़ा है ना!"

पठाणाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्याने समोर बसलेल्या मंडळींकडे बघितलं. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. खरंच होतं ते! तीन वर्षं ते स्वतः साक्षीदार होते. पठाण चार पावलं मागे सरला आणि कमरेचा वॉकीटॉकी तोंडाशी नेऊन ओरडू लागला, "कंट्रोल, कंट्रोल! वादी में हाथी फँसा है! मगरमच्छ भी है! हाँ हाँ, फैमिली देख रहा है, गाना गा रहा है!"

अनुपमाताईंना सांगायचं होतं की नाही हो, तसं नाही. पण तेवढ्यात मागच्या धबधब्याचा आवाज बदलला. थेंबांची धार झाली, धारेचा लोट झाला, आणि लोटाचा रंग चहासारखा!

"काका! खरंच पाणी!"

आता मात्र आरतीची वाट कुणी बघितली नाही. लहानथोर सगळे भराभर बाजूच्या रुंद कातळावर चढले. सर्वांत आधी कोण चढलं ते विचारू नका, त्याच्या हातात चिपळ्या होत्या. खाली पायवाटेवरून गुडघाभर गढूळ पाणी खळाळत निघालं. कातळ उंच होता, जिवाला भीती नव्हती. पण जायची वाट बंद! मुलं रडू लागली, मोठी माणसं एकमेकांचे हात धरून बसली.

थोड्याच वेळात बचावपथक आलं. दोर, जाकिटं, शिड्या. आणि मागे घळीच्या तोंडाशी एक क्रेन! तिच्या हुकाला रुंद पट्टे बांधलेले. अधिकाऱ्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"वेअर इज द एलिफंट?"

सगळ्यांनी दत्तारामकडे बोट दाखवलं.

अधिकाऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "यू. कम फर्स्ट."

दत्तारामला जाकीट चढवलं, दोराला अडकवलं आणि पाण्यातून पलीकडे नेलं; बाकीच्यांना पाणी उतरेपर्यंत कातळावरच बसायला सांगितलं. चिपळ्या कातळावरच राहिल्या. गेटवरच्या खोलीत अधिकाऱ्याने विचारलं, "नाऊ टेल मी. फ्रॉम द बिगिनिंग."

कीर्तनकाराला असं विचारतात होय कुणी! दत्तारामने हात जोडले आणि सुरुवातीपासून सुरू केलं. हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करून. सर, देअर वॉज वन लेक. व्हेरी नाइस लेक. लाइक इन माय व्हिलेज... म्हैस यायच्या आतच अधिकारी उठून उभा राहिला.

"खलास, हबीबी. खलास!"

एक कडक समज मिळाली, एक पाण्याची बाटली मिळाली, आणि दत्ताराम बाहेर आला. पाणी ओसरत आलं होतं. तो घाईने घळीकडे वळला आणि जागीच थांबला.

आतून आवाज येत होता. "धाव बा हरी, आता धाव!" नुसती घळ नव्हे, माणसं गात होती! टाळ्या, चिपळ्या, मुलांचे चिरके आवाज, मुश्ताकचा भसाडा आवाज, आणि सगळ्यांच्या वर एक स्वर, ज्याने आजवर दत्तारामला फक्त "अहो, जेवायला या" एवढंच ऐकवलं होतं.

झालं होतं असं. मुलं रडायची थांबेनात. शेवटी सोनम म्हणाली, "मम्मी, जस्ट टेल व्हॉट हॅपन्ड टू द एलिफंट!" वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला, पडलेल्या चिपळ्या उचलल्या आणि सुरू केलं. गजेंद्राने धावा केला. कातळावरच्या सगळ्यांनी त्याच्याबरोबर केला, अगदी पोटातून केला, कारण खाली पाणी होतं! देव आला. चक्र सुटलं. मगर मेली. हत्ती बाहेर! मग आरती. एकही माणूस उठला नव्हता. जाणार होता कुठे म्हणा! पण पाणी ओसरल्यावर पथकाने "चला" म्हटलं, तर अनुपमाताईच त्यांना म्हणाल्या, "टू मिनिट्स, सर. आरती!" पथकातला एक मल्याळी जवान हेल्मेट काढून मागे उभा होता.

सगळे बाहेर आले. अनुपमाताईंचे डोळे ओले होते. त्या सरळ दत्तारामपाशी आल्या.

"काका, हत्ती सुटला!"

"सुटला ना!" दत्तारामची छाती फुगली.

"रामनवमीचं कीर्तन घागांकडेच नक्की! आत्ताच सांगून टाकते सगळ्यांना."

"जय हरी! मी उद्यापासूनच तयारीला..."

"तुम्ही चिपळ्या धरा हं, काका. कीर्तन वहिनी करतील."

छाती हळूहळू उतरली, पंक्चर झालेल्या टायरसारखी, आवाजासकट. पण माणूस मनाचा मोठा! त्याने बायकोकडे बघितलं, तिच्या विस्कटलेल्या केसांकडे, चिखलाने भरलेल्या साडीच्या काठाकडे, आणि त्याला भरून आलं. त्याने खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"अहो, करणारच ती! माझ्याच तालमीत तयार झालीय. वीस वर्षं समोर बसून ऐकतेय. विचारा तिला, कुणाकडून शिकलीस!"

"ह्यांच्याकडूनच," प्रभावतीवहिनी मसालेभाताचं भांडं उघडत म्हणाल्या. "काय काय गाळायचं ते."