सत्तारची दुसरी कॅसेट

शिंप्याच्या दुकानात सत्तार कपडे शिवून घ्यायला जात नसे. तो मशीन ऐकायला जायचा. पायरीवर उभा राहून डोळे मिटायचा आणि आत पायमशीन खडखडायला लागलं, की उजव्या हाताची बोटं मांडीवर नाचवायचा. जरा वेळानं मान हलवून म्हणायचा, "नाई. हे थांबतच नाई." आणि चालू लागायचा. शिंपी हातातली पँट तशीच धरून बघत राही. चंद्रपुरातला एकही शिंपी त्यानं सोडला नाही. पार गोंडपिपरीपर्यंत गेला, तिथल्या एकानं वैतागून विचारलं, "भाऊ, काही शिवाचं हाये का? नाईतर कफनाचं माप घेतो तुमचं." सत्तार गंभीरपणे म्हणाला, "घ्या ना. पण मशीन चालू ठेवा."

नवख्या माणसाला तो वेडा वाटे. मी त्याचा जुना मित्र, पण त्या नवख्या माणसाला खोटं ठरवायची माझी कधी छाती झाली नाही.

त्याचा धंदा भोंग्याचा. ऑटोवर भोंगे बांधून तो गावभर पुकारा करायचा. सर्कस आली, साड्यांचा सेल लागला, उद्या नळ येणार नाही, अमक्यांचं दुःखद निधन झालं. सगळं एकाच ठेक्यात. मयताची बातमी ऐकतानाही लोकांचे पाय हलायचे आणि मयताच्या घरचे मग त्याला शोधत फिरायचे.

माझं जटपुरा गेटाजवळ टेप दुरुस्तीचं आणि कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं. हैदराबादकडचा एक ट्रकवाला टेप दुरुस्तीला टाकून गेला, तो परत आलाच नाही. त्यात एक इंग्रजी कॅसेट होती. लावून पाहिली. ताल धडधडत होता आणि एक माणूस गायचं सोडून नुसता बोलत होता, तेही तावातावानं. मी बंद करणार तेवढ्यात सत्तारनं माझा हात धरला.

"हा गाऊन नाई राह्यला भाऊ. हा भांडून राह्यला."

"कोणासंग?"

"थे समजलं असतं त मजा गेली असती."

कव्हरवरचं बारीक इंग्रजी मी त्याला वाचून दाखवलं. ही त्या गड्याची दुसरी कॅसेट होती. सत्तार विचारात पडला. मग म्हणाला, "पहिली त कोणीबी काढते. दुसरी काढते थो खरा."

झालं. ते वाक्य त्याच्या जिभेला चिकटलं. टपरीवर चहाचा पहिला कप संपला की हेच. कोणाला पहिला मुलगा झाला की हेच. एक नगरसेवक निवडून आला, तर त्याच्या मिरवणुकीत भोंग्यावरून हेच. त्या नगरसेवकानं पुढं त्याला कधी काम दिलं नाही.

त्याची स्वतःची पहिली कॅसेट निघाली ती घरातच. ऑर्केस्ट्रावाले त्याला दारात उभं करत नव्हते, आणि बिजलीवरचं वाद्य आणावं तर कोळशाचं वीजकेंद्र गावाला लागून असूनही लाईटचा भरवसा नाही. शेवटी ताल दिला जुबेदाभाभीनं. भाभी, म्हणजे सत्तारची बायको, लोकांचे ब्लाउज शिवायची. भिंतीशी तिचं पायमशीन, स्टुलावर माझा बॅटरीचा टेप, आणि मधे उभा राहून सत्तार भांडत होता:

"बिजली बनते आमच्या इथी,
लाईट जाते काऊन?
धूर राह्यते छातीत माह्या,
तार जाते धावून!"

भाभीनं त्यासाठी काम थांबवलं नव्हतं. "तुमचं तुमी बोला," ती म्हणाली, "मले उद्या ब्लाउज द्याचे हायेत." मशीन मधेच थांबलं की सत्तारही श्वास घ्यायला थांबे आणि दरवेळी तळव्यानं केस चापून बसवी. मला हसू आवरेना. "कॅसेटीत केस दिसते का बे?"

"दिसते ना कोणाले तरी," तो म्हणाला.

कॅसेट धडाक्यात चालली. पानठेल्यावर, गोंडपिपरीच्या बसमध्ये, गणपतीपुढे पोरं तिच्यावर नाचली. दुसरी कधी, दुसरी कधी, म्हणून लोक सत्तारचा ऑटो अडवायचे. तो ऐटीत सांगायचा, "भाभीले फुरसत भेटू द्या."

भाभीला फुरसत मिळाली ती अंथरुणावर. खोकला जुनाच होता, तो छातीत उतरला. आधी इथला सरकारी दवाखाना झाला, मग नागपूर, मग पुन्हा इथला. पुढचा उन्हाळा काही तिनं पाहिला नाही.

त्या दिवशीचा पुकारा सत्तारनंच केला. मी नको म्हणालो, त्यानं ऐकलं नाही. ठेका नव्हता. एकेक शब्द सपाट, जड. लोक दारात येऊन विचारत होते, आज भोंग्यावर दुसरं कोण बसलंय? मी ऑटोत त्याच्या शेजारी बसलो होतो. मला रडू येत होतं आणि तो बायकोचं नाव पुकारत होता.

भाभीच्या चाळिसाव्या दिवसाची जेवणं आटोपल्यावर एक शहाणा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सत्तारभाई, तुमीच म्हणता ना, पहिली त कोणीबी..." सत्तार पाण्याचा गिलास खाली ठेवून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर ते वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही. पण दुसरी कॅसेट काढायचीच, हे मात्र त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. "तिच्याच तालावर काढीन भाऊ, नाईतर काढणारच नाई."

भाभीचं मशीन घरात होतं. तो स्वतः पायडल मारून थकला. मी बल्लारपूरहून एक कीबोर्ड आणला, त्यात शंभर ताल भरलेले. सत्तार म्हणाला, "हे थांबतच नाई." मग सुरू झाली ती शिंप्यांची वारी. मी चिडायचो. "ताल थांबला त थो ताल कसा रे?" तो पुढच्या शिंप्याकडे निघायचा.

एका दुपारी तो धापा टाकत दुकानात आला. "भाऊ, मी येडा हावो. मशीन रिकामं चालवून राह्यलो होतो. कापडच नोहतं त्यात!"

भाभीच्या मशीनखाली लोकांचे कापून ठेवलेले ब्लाउज तसेच पडले होते. कोणी मागायला आलं नव्हतं. सत्तार ते शिवायला बसला. शिवतो काय, एका ब्लाउजला तर त्यानं दोन्ही बाह्या एकाच बाजूला जोडल्या. पण शिवताना तो बोलत गेला आणि मी टेप केलं. दवाखान्यातली रांग, दोरीवर वाळता वाळता काळे पडणारे कपडे, नागपूरच्या बसमध्ये मांडीवर ठेवलेलं डोकं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. दुकानदार म्हणून मला तेव्हाच कळलं की ही चालणार नाही.

नुसती चालली नाही असं नाही, परत आली. "टेप अडकते," पानठेलेवाला म्हणाला. "मधेच बंद पडते," बसवाला म्हणाला. खरंच होतं. खडखड चालू असताना मशीन मधेच थांबे, क्षणभर काही नाही, आणि मग पुन्हा सुरू. माझ्या काउंटरवर परत आलेल्या कॅसेटींचा ढीग लागला. सत्तार तो ढीग बघत उभा होता.

"असं करू," मी म्हणालो, "पहिलीसारख्याच थ्या मोकळ्या जागा मी कापतो. टेप जोडून देतो. कोणाले समजणार नाई."

"जोडू नको."

"अरे, लोक परत आणून राह्यले ना!"

"आणू दे." त्यानं ढिगातली एक कॅसेट उचलून माझ्या हातात दिली. "तिथी शिवण संपते भाऊ. तुही भाभी कापड फिरवते. अन् फिरवता फिरवता मान वर करून माह्याकडं पायते. दिवसभरात थेवढाच टाइम भेटे तिले."

मी कॅसेट लावली. मशीन धावायला लागलं, सत्तारचा आवाज त्याच्यावर स्वार होऊन भांडायला लागला. मग शिवण संपली. मशीन थांबलं.

काउंटरपाशी उभ्या सत्तारनं तळव्यानं केस चापून बसवले.