पालक हवा

लाल बादलीत एकमेकींत अडकलेल्या सपाता. आल्याच्या काढ्याचा थर्मास. गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून म्हटलेलं बेसूर गाणं. पाण्याला घाबरणारे जिल्हा जलतरण संघटनेचे अध्यक्ष. पांढऱ्या कागदी फुलांची चक्रं.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आला, कारण क्वांग मास्तरांनी अर्ज केला.

निवृत्त झाल्यापासून ते सात दोस्तांबरोबर भर हिवाळ्यातही सकाळी नदीत डुंबत; सगळ्यांच्या सपाता एका बादलीत, काढा एका थर्मासात. पण टोळक्याला नाव हवं, लाल शिक्का हवा, अध्यक्ष हवा, असं त्यांच्या मनाने घेतलं. अध्यक्षपदाला लायक माणूस त्यांना रोज दाढी करताना दिसे.

नोंदणी कार्यालयातली तान बाई गोड बोलली. "संघटना काढायचं स्वातंत्र्य घटनेतच आहे, मास्तर. फक्त पालक हवा. तुमची जबाबदारी घेणारं सरकारी खातं."

"अहो, एकाहत्तर वय माझं!"

"मग लवकर शोधा."

क्रीडा खात्याने सांगितलं, जिल्ह्यात जलतरण संघटना एकच असते आणि ती आहे.

"पण तिथले अध्यक्षच पाण्याला घाबरतात, कोणी पोहतच नाही!"

"म्हणूनच तिच्याबद्दल एकही तक्रार नाही."

जलखातं म्हणालं, नदी आमची, आतली माणसं नव्हेत. आरोग्य खात्याने मास्तरांचा रक्तदाब तपासून त्यांना घरी पाठवलं.

शेवटी अंत्यसंस्कार व्यवस्थापन कार्यालयाने पांढऱ्या कागदी फुलांच्या चक्रांमध्ये बसवून चहा पाजला. साहेब म्हणाले, "या वयाची मंडळी आज ना उद्या आमच्याच कार्यक्षेत्रात येतात." नियमाप्रमाणे पन्नास सभासद हवे होते. कमी पडले ते दाहिनीवरच्या कर्मचाऱ्यांतून भरले. 'अंत्यविधी संस्कृती संवर्धन मंडळ' नोंदलं गेलं. अध्यक्ष, क्वांग मास्तर. शिक्का सुरेख उमटला.

दुसऱ्या दिवशी तान बाई नदीवर हजर. "उद्दिष्टांत पोहणं नाही. इथे एकत्र दिसलात, तर नोंदणी रद्द आणि अध्यक्षांवर कारवाई."

सात दोस्तांपैकी लाओ मी नावाचा एक जण कुडकुडत म्हणाला, "आणि नोंदणीच नसती तर?"

"तर तुम्ही कोण, हे मला कुठून कळणार होतं, काका?"

"मग जमायचं तरी कधी?"

"कोणी गेलं की."

आता आठही जण वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या घाटांवर एकेकटे पोहतात. गाणं बंद आहे. एकट्याने गायलं की लोक बघतात. बाजारात भेट झालीच, तर लाओ मी मास्तरांचा हात हातात घेतो. "खोकला कसा आहे, अध्यक्ष?"

एवढ्या आशेने मास्तरांची चौकशी बायकोनेही कधी केली नव्हती.

नोंदणी करा, असं त्यांना कोणीही सांगितलेलं नव्हतं.