मंजूर घोषणा

विद्यार्थ्याच्या अंगी समाजसेवा लहानपणीच बाणली पाहिजे; फक्त ती समाजाला बोचता कामा नये. आंध्राच्या हद्दीतल्या वांकिडीकडच्या एका मराठी शाळेचे हेडमास्तर अमृतराव यांनी हे तत्त्व जपून त्र्याण्णव साली अकरा प्रभातफेऱ्या काढल्या. ‘पाणी वाचवा’ (शाळेचं बोरिंग बंदच होतं, त्यामुळे यश शंभर टक्के). ‘छोटे कुटुंब’ (घोषणा देणारा सहा भावंडांतला पाचवा). घोषणा वरून मंजूर होऊन येत, त्यामुळे पोरांना विचार करावा लागत नसे.

बाराव्या फेरीत मात्र सातवीतली रेणुका, वेणीची लाल रिबीन सुटलेली, भलतंच ओरडली, “गणिताचे सर!” मागची पोरं सवयीनं गर्जली, “पायजेत, पायजेत!”

अमृतरावांनी फेरी जागीच थांबवली. सेवेत मागणी शिरली होती.

“काऊन गं, कोणी शिकवलं हे तुले?”

“शिकवाले कोणी हायेच कुठं, सर? दोन वर्सं झाली.”

हा शुद्ध गैरसमज. सर हजेरीपटावर रोज हजर होते. फक्त बसत दूरच्या एका कचेरीत.

रेणुकेच्या आईला, विमलबाईंना, बोलावणं गेलं.

“बाई, पोरगी चळवळीत गेली तुमची.”

“नाई जी, सातवीत हाय ते. मार्चात सरकारी परीक्षा. नापास झाली तं बाप कापूस वेचाले लावते तिले, कायमचं.”

अमृतराव मऊ मनाचे. डब्यातली भाकर तशीच ठेवून त्यांनी विचार केला. मागणं म्हणजे चळवळ, देणं म्हणजे सेवा. मग त्यांनी रेणुकेलाच सातवीला गणित शिकवायला उभं केलं. चळवळ तत्काळ शमली.

अपूर्णांकांपर्यंत ती फार गोड शिकवी. पुढं “मलेच नाई येत” म्हणून खडू कुरतडत राही. तेव्हा अमृतराव दारातून वर्गाला दटावत, “बाईंकडं लक्ष द्या!”

मार्चात एकतीसपैकी एकतीस गणितात नापास, बाईंसकट. चौकशीत दोष शिकवणारीचा ठरला. हजेरीपटावरचे सर निर्दोष सुटले (ते वर्गात गेल्याचा पुरावाच नव्हता).

दिवाळीनंतर नवी फेरी कपाशीच्या रानाकडेनं निघाली. मंजूर घोषणा होती ‘मुलींना शिकवा’. रस्त्याकडेच्या सगळ्या मोठ्या माणसांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. रानात लाल रिबिनीची एकच पोरगी वाकलेली होती, तिचे हात रिकामे नव्हते. आपण तिथं असता तर आपणही वाजवल्याच असत्या. फेरी खरोखरच फार शिस्तीत चालली होती.