जुनी आवृत्ती

वकीलसाहेब गेल्यावर वर्ष उलटायच्या आत घर सोडायची वेळ आली. सगळ्या सामानाची काही ना काही सोय लागली. राहिली ती त्यांची पुस्तकं. लेकीच्या घरी वकीलीणबाईंना जागा होती, त्यांच्या शिवणयंत्राला होती, पण भिंतभर कायद्याच्या खंडांना नव्हती. "आई, त्या भिंतीला तुझा पलंग लावायचाय," असं लेक म्हणाली, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

रद्दीवाला येऊन गेला. त्यानं एक जाडजूड खंड हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, "पुठ्ठे फाडून ठेवा, मग येतो." वकीलीणबाईंनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. नंतर बराच वेळ त्याच खंडावर हात ठेवून त्या बसल्या होत्या, जणू खंडानं ते ऐकलं असेल.

मग त्यांनी विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात फोन केला. ग्रंथपाल म्हणाले, "घेऊन या, बघू." आता 'बघू' या शब्दाचा अर्थ वकिलाच्या घरात जन्म काढलेल्या बाईला कळायला हवा होता. पण माणूस आशेवर असला की त्याला 'घेऊन या' एवढंच ऐकू येतं.

गाडी घेऊन धाकटे दीर आले. भाऊजी आयुष्यभर एका कारखान्यात भांडारपाल होते. माल आत कसा येतो आणि बाहेर कसा जातो, यातलं आपल्याला कुणी शिकवू नये, असं त्यांचं म्हणणं असे. ग्रंथालयाच्या दाराशी मोठी पाटी होती : 'वैयक्तिक पुस्तके आत आणू नयेत.' भाऊजींनी ती वाचली आणि पहारेकऱ्याला सांगितलं, "ही वैयक्तिक नाहीत. देणगी आहे." सकाळचा पहारेकरी भला माणूस होता. त्यानं ढकलगाडीसुद्धा दिली. सगळे खंड काउंटरपुढे रचून झाले तेव्हा भाऊजी हात झटकत म्हणाले, "बघा वहिनी, कामाला काय लागतं? बोलता आलं पाहिजे."

ग्रंथपाल किडकिडीत आणि अतिशय सभ्य होते. इतकी वर्षं शांतता राखून राखून त्यांचा आवाजच गेला होता. ते कुजबुजत बोलत, आणि समोरचाही आपोआप कुजबुजू लागे. त्यामुळे पुढचं सगळं भांडण कुजबुजतच झालं.

त्यांनी वरचा खंड उघडला, पहिलं पान पाहिलं आणि मिटला. दुसरा उघडला, मिटला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसे ते म्हणाले, "बाई, जुनी आवृत्ती आहे."

"जुनीच असणार. ह्यांनी तरुणपणी घेतलेली."

"तसं नाही. कायदा बदलला. यातली निम्मी कलमं आता राहिलीच नाहीत."

"मग त्या कलमांखाली जे आत गेले, ते सुटले का?"

ग्रंथपाल गोंधळले. "तसं नसतं बाई."

"मग कलमं गेली असं कसं म्हणता?"

"आम्ही आमच्याकडचीसुद्धा जुनी आवृत्ती काढून टाकतो. नियमच आहे."

"एका कोपऱ्यात ठेवा. मागच्या कपाटात, वरच्या फळीवर. कुणीतरी कधीतरी उघडून बघेल."

"तीच तर भीती आहे," ग्रंथपाल म्हणाले. "एखाद्या मुलानं वाचलं आणि परीक्षेत तेच लिहिलं, तर नापास होईल तो."

वकीलीणबाईंनी पदरानं वरच्या खंडाची धूळ पुसली. भाऊजींनी ढकलगाडी पुन्हा भरली. जातानाची गाडी येतानापेक्षा जड वाटत होती, असं ते नंतर घरी सांगत असत.

दारावर एव्हाना पहारेकरी बदलला होता. दुपारचा पहारेकरी कुणावर विश्वास ठेवावा अशा समजुतीचा नव्हता. त्यानं गाडीपुढे काठी आडवी धरली.

"पास?"

"कसला पास?" भाऊजी म्हणाले. "आमची पुस्तकं आहेत. नाकारली तुमच्या लोकांनी."

"पुस्तक बाहेर जायचं तर पास लागतो."

"आत आणताना नाही लागला."

"आत आणायला बंदीच आहे, साहेब. म्हणजे आतलीच असणार."

भाऊजींनी कारखान्यात हाच युक्तिवाद आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवला होता. तो असा अंगावर येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी एक खंड उघडून पहिलं पान पुढे केलं. "हे नाव बघा. माझ्या भावाचं."

पहारेकऱ्यानं नाव वाचलं. "मग त्यांना बोलवा. सही करून नेऊ देत."

"ते येऊ शकत नाहीत," वकीलीणबाई म्हणाल्या.

"मग त्यांचं पत्र आणा."

"ते गेलेत हो."

"कधी परत येणार?"

वकीलीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "नाही सांगून गेले."

भाऊजींनी खाकरून मान वळवली. पहारेकऱ्याच्याही मग लक्षात आलं आणि त्यानं काठी थोडी खाली घेतली. पण तेवढ्यात त्याला नावाच्या खाली पुसट गोल शिक्का दिसला. शिक्का कुठल्या ग्रंथालयाचा होता ते वाचता येत नव्हतं, पण ग्रंथालयाचा होता हे नक्की. काठी पुन्हा वर गेली.

"हे काय आहे?"

भाऊजींना माहीत नव्हतं. वकीलीणबाईंना माहीत होतं, पण त्या काही बोलल्या नाहीत. गाडी परत काउंटरपाशी आली.

ग्रंथपालांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि म्हणूनच त्यांनी नियम अगदी सावकाश समजावून सांगितले. पास फक्त ग्रंथालयाच्या पुस्तकाला मिळतो. पुस्तक ग्रंथालयाचं व्हायचं तर आधी ते स्वीकारलं पाहिजे. जुनी आवृत्ती स्वीकारता येत नाही.

"एकदा नियम बाजूला ठेवून स्वीकारा," भाऊजी म्हणाले. "मग वहिनींच्या नावानं घरी द्या. आम्ही परत आणणार नाही. झालं."

"नाही होणार. हे संदर्भग्रंथ आहेत. संदर्भग्रंथ घरी देत नाही आम्ही."

"म्हणजे तुमची नाहीत म्हणून बाहेर जात नाहीत, आणि तुमची झाली तरी बाहेर जात नाहीत."

"बरोबर," ग्रंथपाल म्हणाले. कुणीतरी नियम एवढा नेमका समजून घेतल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

"मग राहू देत इथंच. आम्ही जातो."

"बेवारस वस्तू ठेवता येत नाही."

'बेवारस' हा शब्द वकीलीणबाईंना लागला. त्या खुर्चीवर बसल्या. आजूबाजूला अभ्यास करणारी मुलं माना वर करून बघू लागली, तेव्हा ग्रंथपालांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ डोकं खाजवलं. मग त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी टेबलाच्या खणातून एक रबरी शिक्का काढला.

"अस्वीकृत," ते म्हणाले. "देणगी नाकारली की पुस्तकावर हा मारायचा. हा असला की पहारेकरी अडवणार नाही. कित्येक वर्षांत वापरला नाही मी, म्हणून लक्षात नव्हतं."

भाऊजींनी निःश्वास सोडला. ग्रंथपालांनी शाईची गादी उघडली, पहिला खंड घेतला आणि पहिल्या पानावर शिक्का उमटवला. शाई भरपूर होती. साहेबांच्या सहीवर आडवा, निळा, ठसठशीत 'अस्वीकृत'. दुसरा खंड, तोच आवाज. तिसरा. वकीलीणबाई बघत होत्या. चौथा खंड उघडला तेव्हा त्यांनी पानावर हात ठेवला.

"थांबा."

"बाई, पटकन उरकतो."

"नको. एवढं नको." त्यांचा आवाज कुजबुजीच्याही खाली गेला होता. "ह्यांचं असं व्हायचं. अर्ज फेटाळले जायचे, खटले हातचे जायचे. घरी आले की मी विचारायचे, काय झालं? तर म्हणायचे, तहकूब झालं. हरलो असं एकदाही म्हणाले नाहीत. मीही कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. आणि आता मीच त्यांना घेऊन आले इथं, हा शिक्का मारून घ्यायला."

ग्रंथपालांनी शिक्का गादीवर ठेवला. हातात काय धरावं ते त्यांना कळेना. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले.

जवळच्या टेबलावरची एक मुलगी उठून आली. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. बराच वेळ ऐकत होती हे उघड होतं. ती म्हणाली, "आजी, ही पुस्तकं आम्हाला द्याल?"

"ग्रंथालयात ठेवता यायची नाहीत," ग्रंथपाल म्हणाले.

"ग्रंथालयात नको, सर. आमच्या सल्ला केंद्रात. जिन्याखालच्या खोलीत." ती वकीलीणबाईंकडे वळली. "ज्यांना वकील परवडत नाही असे लोक येतात तिथं. आम्ही मुलं त्यांना फुकट सल्ला देतो, आमच्या सरांना विचारून. आणि ही आतली वाट तिकडेच जाते. पहारेकरी लागत नाही मध्ये."

"पण जुनी आहेत ना ग," वकीलीणबाई म्हणाल्या. "वाचून चुकाल तुम्ही."

मुलगी अडखळली. मग तिनं खरं सांगायचं ठरवलं. "वाचायला नकोत, आजी. मागे लावायला हवीत. लोक येतात, रिकामं टेबल बघतात, त्यामागं आमच्यासारखी पोरं बघतात, आणि 'मोठे साहेब कधी येतील' विचारून निघून जातात. परवा एक बाई अशीच गेली. तिला घरातून काढलं होतं. तिचं काम होण्यासारखं होतं हो. पुन्हा आलीच नाही ती."

भाऊजींना राग आला. "म्हणजे शोभेला? माझ्या भावाची पुस्तकं शोभेला?"

"भाऊजी," वकीलीणबाई म्हणाल्या, "तो जुना गोल शिक्का कसला आहे सांगू?"

भाऊजी त्यांच्याकडे वळले.

"नवी वकिली होती. माणूस दारात यायचा, आत डोकावायचा आणि परत फिरायचा. मग कुठलंसं ग्रंथालय बंद पडलं, त्यांचे हे जुने खंड निघाले, ते ह्यांनी एकगठ्ठा उचलले. तेव्हाच जुनी आवृत्ती होती ही. भिंतीला लावली आणि दुसऱ्या आठवड्यापासून लोक बसायला लागले. माणसाकडे कुणी बघत नसे, मागच्या भिंतीकडे बघत." त्यांनी शिक्का मारलेला खंड जवळ ओढला. "वाचायची फार इच्छा होती त्यांना. दर सुट्टीत एक खाली काढायचे, पुसायचे, दोन पानं वाचायचे, की कुणीतरी यायचं. पुन्हा वर ठेवायचे. मला वाटलं होतं, निदान त्यांच्यामागं तरी कुणी वाचावीत. म्हणून आणली इथं."

भाऊजींना इतकी वर्षं भाऊ म्हणजे कायद्याचा सागर वाटत आला होता. त्यांनी मुकाट्यानं ढकलगाडीचा दांडा धरला आणि मुलीला म्हणाले, "कुठल्या बाजूनं म्हणालीस?"

जिन्याखालच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक रिकामं कपाट होतं. भाऊजींनी खंड एकसारखे लावले, कणे ओळीत आणले, मागे सरून बघितलं आणि पुन्हा दोन बोटं पुढे ओढले. लाल कातडी पाठी आणि सोनेरी अक्षरं. खोलीचं रूपच पालटलं. ग्रंथपालही आले होते. एरवी ग्रंथालय सोडून ते कुठे जात नसत. त्यांनी शिक्का बसलेले तीन खंड आपल्या हातानं सर्वांत वरच्या फळीवर ठेवले, जिथून सहसा कुणी काढणार नाही.

तेवढ्यात बाहेरच्या दारातून एक म्हातारा डोकावला. हातात पिशवी, पिशवीत कागद. मुलीकडे बघून तो परत वळणार होता, पण त्याची नजर कपाटावर गेली. तो उंबऱ्यातच थांबला.

"एवढं सगळं वाचलंय होय तुम्ही लोकांनी?"

मुलगी गडबडली. तिनं ग्रंथपालांकडे पाहिलं, ग्रंथपालांनी जमिनीकडे. 'नाही' म्हणणं सोपं होतं, आणि म्हातारा निघून गेला असता.

"वाचलंय," वकीलीणबाई म्हणाल्या. "बसा तुम्ही. ती सगळं नीट ऐकून घेईल."

"मग बरं झालं," म्हणत म्हातारा बसला, आणि त्यानं कागद बाहेर काढले.

वकीलीणबाई बाहेर आल्या. भाऊजी गाडी आणायला गेले होते. व्हरांड्यात बाकावर म्हाताऱ्यामागून आलेली एक बाई आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. वकीलीणबाई तिच्या शेजारी टेकल्या आणि त्यांना रडू आलं. साहेब गेले तेव्हा घरात माणसं होती, चहापाणी होतं, कागदपत्रं होती; रडायचं राहूनच गेलं होतं. ते आता, परक्या इमारतीत, असं मोकळं झालं.

शेजारच्या बाईनं थोडा वेळ जाऊ दिला. मग सरकून जागा करून देत विचारलं, "निकाल लागला का तुमचा?"

वकीलीणबाईंनी मान डोलावली. लागला.

"कुणाच्या बाजूनं?"

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "आमच्या ह्यांच्या."

"मग रडता कशाला?" ती बाई म्हणाली.