धोंडूनानाचे वाटे

माझ्या बायकोच्या दहाव्याला सगळे नदीकाठी माना खाली घालून बसले होते आणि धोंडूनाना बोट नाचवत माणसं मोजत होता. पिंडाला कावळा शिवत नव्हता, मी रडत होतो, तेवढ्यात हा माझ्या कानाशी आला. "एकशे एकसष्ट. सातसातच्या तेवीस वळी बसत्यात. भात तेवढाच टाकाया सांगू का?"

मला वाटलं, उचलून घोड नदीत टाकावा. पण त्या दिवशी शेवटच्या माणसाच्या पानावरही डाळ गरम पडली, हेही खरं. खोटं कशाला लिहू.

नाना आमचा शेजारी. लग्न केलं नाही. उभी हयात डिंभ्याच्या धरणावर मासे वाटण्यात गेली. पूर्वी सगळे मिळून जाळी ओढायचे, मासे एकाच ढिगात पडायचे, आणि जेवढी घरं तेवढी पळसाची पानं मांडून नाना वाटे घालायचा. दुसरा कोणी एकेक मासा टाकत बसला असता तर शेवटच्या पानापर्यंत वास सुटला असता. नाना आधी प्रत्येक पानावर दहा-दहा टाकायचा. उरले की पुन्हा दहा-दहा. दहा पुरेनात, की मग तोंडानं पाढा. शेवटी दोन-तीन उरायचे, ते मांजरीचे. त्या वाट्यांवरून कधी भांडण झालं नाही.

आता गाडी येते, काटा लागतो, मासे वजनावर जातात. पानं मांडायला नानाला कोणी बोलवत नाही. तेव्हापासून हा माणूस दिसेल त्याला भागतो. परवा एसटीत चढला आणि ओरडला, "त्रेपन्न माणूस, तेरा बाकडी! चौघंचौघं बसा, एक उरतोय. कंडक्टर, तू हुबा ऱ्हा." कंडक्टर म्हणाला, "मी उभाच असतो, बाबा."

माझी नात तन्वी चौथीत. बारकी असल्यापासून आमच्याकडेच. बायको गेल्यावर माझा मुलगा संतोष चाकणहून आला आणि म्हणाला, "आण्णा, आई होती तोवर ठीक होतं. आता हिचा अभ्यास कोण घेणार? अजून भागाकार येत नाही. दिवाळीपर्यंत बघतो. नाही आला तर हिला घेऊन जातो."

त्याचं काय चुकलं? मी तिसरीतून पळालेला माणूस. पण पोरगी गेली तर या घरात मी एकटा चुलीशी बोलत बसणार. म्हणून तिला नानाच्या ओट्यावर नेऊन बसवली.

पहिल्या दिवशी ती पाटीवर रेघा मारत होती. एकशे सत्तेचाळीस भागिले सहा.

नाना खेकसला, "कोंबड्यास्नी दाणं टाकतीस व्हय? दाही हाण!"

"म्हणजे?"

त्यानं सहा पानं मांडली. "ही सहा घरं. हरेकाला दहा दिलं तर किती गेलं?"

"साही दाही साठ."

"हाण. ऱ्हायलं किती?"

"सत्त्याऐंशी."

"आजून साठ निघत्यात? निघत्यात ना? मंग वाट बघतीस कुणाची?"

"आता सत्तावीस राहिले."

"आता दाही न्हाई चालायची. पाढा म्हण. सत्तावीसच्या पल्याड जाऊ नगं, दुसऱ्याचं पान उपाशी ऱ्हाईल."

"साही त्रिक अठरा, साही चोक चोवीस... बास."

"मंग एका घरात किती गेलं?"

तन्वीनं बोटांवर मोजलं. "दहा, दहा आणि चार. चोवीस. आणि तीन उरले."

"ते मांजरीचं."

दुसऱ्या दिवशी पोरीनं शाळेच्या वहीत लिहिलं, 'भागाकार चोवीस, बाकी तीन, मांजरीची.' बाईंनी 'मांजरीची'वर लाल गोल केला. नाना दिवसभर फुगून बसला. "बाईला इचार, मंग काय फेकून द्यायचं?"

रोज संध्याकाळी मी विचारायचो, "नाना, जमतंय का?" रोज एकच उत्तर. "कच्ची हाय." दसरा गेला तरी कच्ची. मला झोप लागेना.

दिवाळीला संतोष आला. चहा पितापिताच म्हणाला, "तनू, दोनशे बावन्न भागिले सहा." आणि मोबाईल काढला.

पोरगी पाटीला शिवलीच नाही. भिंतीकडे बघत पुटपुटली, "साठ, साठ, साठ, साठ. बारा उरले. साही दुणे बारा. बेचाळीस."

संतोषनं मोबाईलकडे बघितलं. "बरोबर आहे. पण मांडून दाखव ना."

"बाबा, मांडायचं नसतं. वाटायचं असतं."

त्यानं आणखी पाच गणितं घातली. पाचही आली. मग तो हसला आणि म्हणाला, "राहू दे इथंच." मी परसात जाऊन तोंड धुतलं, उगाच दोनदा.

तसाच नानाकडे गेलो. "नाना, पोरगी पास झाली. ऱ्हाती इथंच. उद्यापासनं तुला तरास न्हाई."

नाना खाली बघत म्हणाला, "न्हाई न्हाई, लई कच्ची हाय. सतराचा पाढा अडखळती. शिमग्यापातूर धाड."

"खोटं बोलतोस. दसऱ्याच्या आधीच आलं व्हतं तिला. मला महिनाभर घोर लावलास तू."

ओट्यावर उद्याची सहा पानं पुसून ठेवलेली होती, वर गोटे ठेवून, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

"पोरगी आली की भागाया दुसरं कुणी असतं राव," तो म्हणाला. "एकट्यानं काय भागणार? कितीबी असलं तरी एकानं भागलं की तेवढंच्या तेवढं आपल्याच हातात ऱ्हातं."

मला शिव्या द्यायच्या होत्या. महिनाभराच्या साठवल्या होत्या. पण माझ्याही घरात आता भाकरी उरते, ते मला माहीत आहे.

मी चपला काढल्या आणि ओट्यावर बसलो. "पोरगी शाळेतनं आली की येईल. सकाळचा मी मोकळा असतो. मला बेचाच पाढा येतो, तोबी दाहीपातूर."

नानानं माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग दोन पानं पुढं ओढली आणि खेकसला, "म्हण. आन रेघा मारल्यास तर उठून जायचं."